आतून गेलेली रेघ

"सारखेच आलेत की," उएमात्सु-सान म्हणाली, आणि हातातल्या बिस्किटाचा उरलेला तुकडा तोंडात टाकून पुन्हा संगणकाच्या पडद्याकडे बघत बसली. मित्सुए तेव्हा बेसिनपाशी काचेची भांडी विसळत होती. सोमवार, सकाळचे साडेदहा. काय सारखं आलं हे तिने विचारलं नाही. तिला ते आपोआप कळलं. नळ वाहत राहिला. उएमात्सु-सानला कशाचाच पत्ता नव्हता. ती दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या या विभागात लागलेली, छत्तिशीची, हुशार, सतत काहीतरी चघळणारी बाई. ती आपली सहज सांगत होती, की तिसरा ठिपका हो, नराचा नि मादीचा, काही फरकच दिसत नाही, मेंदूचे काप ठेवलेल्या जुन्या काचपट्ट्यांचा रंग उतरला असणार, तीस-तीस वर्षांच्या झाल्यात त्या. "उतरला असेल," मित्सुए म्हणाली. रंग उतरलेला नव्हता. तो जांभळा रंग तिने स्वतः चढवला होता, स्वतः धुतला होता, आणि त्या पट्ट्या एकतीस वर्षं अंधाऱ्या लाकडी कपाटात तिनेच जपल्या होत्या. कपाटाच्या किल्लीचा वळ तिच्या कमरेवर उठलेला असायचा. रंग कुठला उतरतोय.

जुशिमात्सु हा पक्षी आपल्या मुनियाच्या कुळातला. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून इतका माणसाळला, की रानात सोडला तर दुपारपर्यंतही टिकायचा नाही. नर गातो, मादी गात नाही. बाकी दोघांत डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. चोच तीच, पिसं तीच, वजन तेवढंच. फरक आत, कवटीत. गाण्याचे म्हणून जे दोन ठिपके मेंदूत असतात ते नराचे ठसठशीत, मादीचे असून नसल्यासारखे. ते शेंबड्या पोरालाही दाखवता येतं. पण मागच्या बाजूला, जिथले काप काढले की ते पहिले दोन ठिपके दिसतच नाहीत, तिथे एक तिसरा ठिपका आहे. ऐकण्याचा. तो मादीचा एक पंचमांशाने लहान असतो हे विभागाचे प्राध्यापक काशिवाबारा सेन्सेईंनी दाखवून दिलं होतं. दाखवलं सेन्सेईंनी, रेघ मित्सुएची. सूक्ष्मदर्शकाला बसवलेल्या आरशातून कागदावर सावली पडते, त्या सावलीच्या कडेने टोकदार पेन्सिलीने रेघ ओढायची आणि मग रेघेवरून मापाचं बारीक चाक फिरवायचं. असे आठशेहून जास्त मेंदू, निम्मे नरांचे, निम्मे माद्यांचे. बाहेरदेशीच्या दोघा-तिघांनी मधल्या काळात लिहिलं होतं, की आम्हाला हा फरक काही सापडत नाही बुवा. त्यावर सेन्सेई परिषदेत हसून म्हणाले होते, सापडणार कसा, तुमच्याकडे आमच्या हिबिनो-सान कुठे आहेत. सगळं सभागृह हसलं होतं. हिबिनो-सान म्हणजे मित्सुए, ती तिथे नव्हती, ती इथे भांडी विसळत होती. तिला हे कुणीतरी येऊन सांगितलं आणि ती आठवडाभर त्या एका वाक्यावर जगली होती.

आता ते सगळं पुस्तकात जाणार होतं. नर-मादी मेंदूंचा नकाशासंग्रह, मोठ्या आकाराचा, जाड कागदाचा. मार्चमध्ये सेन्सेई निवृत्त होत होते, मित्सुएही. त्याआधी तो निघायचा होता आणि मुखपृष्ठावर दोन नावं असणार होती. काशिवाबारा, आणि त्याखाली, त्याच मापाच्या अक्षरांत, हिबिनो मित्सुए. एकतीस वर्षांत तिचं नाव शोधनिबंधाच्या शेवटी, आभाराच्या ओळीत यायचं. एकदा तर तेही चुकीचं छापलं होतं. संग्रहासाठीच उएमात्सु-सान जुन्या पट्ट्यांची छायाचित्रं संगणकावर घेत होती. पट्टीवरचं लेबल चित्रात येऊन ओंगळ दिसतं म्हणून तिने लेबलांवर कागदी चिकटपट्टी लावली, आणि मित्सुएला म्हणाली, चाळीस मेंदूंच्या रेघा पडद्यावर नव्याने काढून द्याल का, छापायला स्वच्छ पडतील. बस, एवढंच. कुणी कुणाची परीक्षा बघत नव्हतं. मित्सुएने अर्ध्या दिवसात चाळीस काढून दिल्या, कुठली कुणाची ते न बघता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच न बघता.

मंगळवारी दुपारी उएमात्सु-सान तासावर गेली तेव्हा मित्सुएने जुने कागद काढले. खालून उजेड येणाऱ्या दिव्याच्या काचेवर एक जुना कागद ठेवला, त्यावर नवा छापून घेतलेला. नर. रेघेवर रेघ बसली, एकोणतीस वर्षांचं अंतर असून इकडची तिकडे झाली नाही. तिला क्षणभर स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. मग मादी. जुनी रेघ आत होती. फार नाही, केसभर. पण सगळीकडून आत, चहूबाजूंनी. हा एखादा असेल म्हणून तिने दुसरी मादी घेतली. आत. तिसरी. आत. मग ती मुकाट्याने एकेक लावत गेली, विसावी होईपर्यंत, आणि तेवढ्यावर न थांबता कपाटातून आणखी पट्ट्या काढल्या, लेबलांवर स्वतः चिकटपट्टी लावली, पत्त्यांसारख्या पिसल्या, त्यांच्याही रेघा नव्याने काढल्या, आणि बुधवार-गुरुवार त्यातच घालवले. एकशे बारा माद्या. एकीचीही जुनी रेघ बाहेर गेलेली नव्हती. चूक असती तर एखादी बाहेर गेली असती की. हात थरथरला असता तर कधी आत कधी बाहेर झालं असतं. हा हात थरथरलेलाच नव्हता. तिचे डोळे दुखायला लागले, मान आखडली, आणि तिला एकाएकी इतका थकवा आला की खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी कुणाचीतरी परवानगी घ्यावीशी वाटली.

तिचे वडील यातोमीच्या बाजूला, सपाट ओल्या मुलखात, पक्षी पैदा करायचे. गोठ्याएवढ्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खोकी, प्रत्येक खोक्यात वाळल्या गवताची गोल घरटी, आणि दिवसभर ती बारीक टिक्-टिक्. जोडी विकायची तर नर कुठला, मादी कुठली हे कळायला हवं. वडील एकेका पक्ष्याला छोट्या पिंजऱ्यात एकटं ठेवायचे, जरा वेळाने दुसरा पिंजरा शेजारी आणून मांडायचे. नर असेल तर सोबत दिसताच मान उंचावून गाऊ लागतो. न गाणारा उजवीकडच्या खोक्यात. "गात नाही ती मादी," वडील म्हणायचे, आणि हे ते फक्त पक्ष्यांबद्दल म्हणत नव्हते असं मित्सुएला नेहमी वाटायचं, कारण जेवताना तिच्या भावाचं बोलणं संपेपर्यंत कुणी तिच्याकडे बघायचं नाही. एकदा एक शाळामास्तर जोडी परत घेऊन आले. दोन वर्षं झाली, एक अंडं नाही. वडिलांनी त्यांनाच सुनावलं, की तुमच्याकडे हवा खेळत नाही, पक्षी बिघडवलात तुम्ही. नऊ वर्षांच्या मित्सुएला ठाऊक होतं की त्यातली मादी मादी नाही. ती विकली जाण्याआधी, वडील बाजारात गेले असताना, उजवीकडच्या खोक्यात तिने तिला गाताना ऐकलं होतं. हलक्या आवाजात, भिंतीकडे तोंड करून. पण वडिलांचा शब्द झाला होता, खोकं ठरलं होतं. ती गप्प राहिली. मास्तर मान खाली घालून, माफी मागून, तोच पिंजरा उचलून गेले. तिला तेव्हा वाईट वाटलं का, हे आता आठवू म्हटलं तरी आठवेना. फक्त पिंजऱ्यावर टाकलेला निळा फडका आठवत होता.

आणि हे? हे कधी सुरू झालं? सेन्सेईंनी तिला कधी काही खोटं करायला सांगितलं नव्हतं. तसं तिने मनातल्या मनातही म्हटलं नसतं. ते तेव्हा सेन्सेई झालेले नव्हते, चौतिशीचे किडकिडीत साहाय्यक होते, मिठाच्या गोळ्या चोखत तिच्या मागे उभे राहायचे. पट्टीच्या लेबलावर नराला शाईचा निळा ठिपका, मादीला तांबडा. कागदाच्या माथ्यावरही तोच. ती मापाचं चाक फिरवून आकडा वाचायची आणि मागे कान लावून बसायची. मादीचा आकडा लहान आला की मागून "हं" असं यायचं. ते "हं" काय गोड असायचं, आता आठवलं तरी अंगावर काटा यावा. मोठा आला की काहीच नाही. थोड्या वेळाने, फार अदबीने, "हिबिनो-सान, ही एक जरा पुन्हा बघाल का?" ती पुन्हा बघायची. सावलीची कड कुठली रेघेइतकी स्वच्छ असते? पेशी दाट असतात, मग विरळ होतात, मग आणखी विरळ. कुठे थांबायचं हे बघणाऱ्याने ठरवायचं. दुसऱ्यांदा ती जरा आत थांबायची. "हं." नराची पट्टी पुन्हा बघायला त्यांनी कधी सांगितलं होतं का? तिने गुरुवारी दुपारी, डोळे मिटून, दिव्याची काच अजून चालू असताना, सगळी वर्षं उलटीसुलटी करून पाहिली. नव्हतं सांगितलं. एकदाही नाही. वर्षभरात मादीची पट्टीही पुन्हा बघायला सांगावी लागेनाशी झाली. हात शिकला होता. मग ते सगळीकडे सांगू लागले, की या बाईंच्या पेन्सिलीला डोळे आहेत, आणि ती खाली मान घालून हसायची. डोळे नव्हते. कान होते, तेही मागच्या माणसाकडे लावलेले.

म्हणजे दोष कुणाचा? सेन्सेईंचा म्हणावा तर त्यांनी फक्त "पुन्हा बघाल का" विचारलं. तिचा म्हणावा तर ती बघतच होती, डोळ्यांत तेल घालून. हे असं कोळ्याच्या जाळ्यात पाय ठेवल्यासारखं विचार करत बसायचा तिला कंटाळा आला होता. तिला खरं म्हणजे सगळ्याचाच कंटाळा आला होता. फॉर्मॅलिनच्या वासाचा, गुडघ्यांचा, सहाव्या मजल्यावरून दिसणाऱ्या गिंको झाडांचा, ज्यांच्या पिवळ्या फळांची घाण दर वर्षी याच आठवड्यात खिडकीतून आत येते. कानाडोळा केला तर काय बिघडणार होतं? उएमात्सु-सान रंग उतरला म्हणते, रंग उतरला. संग्रहात जुन्याच रेघा छापता येतील. पक्षी मेलेले. त्यांना त्याचं काय सोयरसुतक. आणि तिला एवढं एकच मिळणार होतं. हे तिने स्वतःशी उघड कबूल केलं, की मला ते नाव हवंय. फार हवंय. साठाव्या वर्षी जाड कागदावर आपलं नाव छापून यावं असं वाटण्यात गैर काय आहे.

गुरुवारी ती घरी पोचली तेव्हा नवऱ्याने लाल चवळ्यांचा भात शिजवून ठेवला होता. कात्सुजी चिनी मातीच्या कारखान्यातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, तेव्हापासून स्वयंपाक शिकत होता आणि दर पदार्थात सोयाबीन आंबवून केलेलं तांबडं मिसो घालत होता. भातात घातलं नव्हतं, हे नशीब. सणासुदीला, लग्नाला, मूल झालं की करायचा तो भात. तिने विचारलं, आज काय आहे. तो म्हणाला, काही नाही, पुस्तकाचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना डबा दिला, न्हाव्याला दिला. सगळ्यांना सांगून झालं होतं.

"अजून कुठे निघालंय पुस्तक," ती म्हणाली.

"निघेल की. अगं, एकतीस वर्षं मी लोकांना सांगतोय, बायको पाखरांचे मेंदू कापते. लोक म्हणतात, अरे बाप रे. आता म्हणतील, लेखिका आहे."

"लेखिका काय. रेघा आहेत नुसत्या."

"मग रेघिका म्हणतील," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन लोणचं वाढायला उठला. तिने भात खाल्ला. चांगला झाला होता. तिला त्याला सांगावंसं वाटलं आणि सांगता आलं नाही, कारण त्याने काय म्हटलं असतं ते तिला ठाऊक होतं. केसभर ना, जाऊ दे, असं म्हटलं असतं. कारखान्यात केसभर तडा गेलेली बशी तो फेकून द्यायचा आणि घरी येऊन त्याबद्दल तासभर बोलायचा. पण बायकोच्या बाबतीत त्याने जाऊ दे म्हटलं असतं, आणि ते प्रेमानेच म्हटलं असतं. ते तिला आज ऐकवलं नसतं.

शुक्रवारी ती सेन्सेईंच्या खोलीत गेली, सांगायचं ठरवून. जिन्यात दोनदा वाक्य म्हणून पाहिलं होतं. सेन्सेई खिडकीशी उभे राहून मुखपृष्ठाचा नमुना उजेडात धरून बघत होते. केस पांढरे झाले होते पण उभं राहणं तेच, एक खांदा वर. त्यांनी नमुना तिच्या हातात दिला आणि म्हणाले, बघा बरं, अक्षरं बारीक वाटतात का. तिचं नाव तिच्या नखाएवढं होतं. तिने म्हटलं, नाही वाटत. मग तेच बोलू लागले. येत्या बुधवारी प्रयोगात मेलेल्या प्राण्यांचं स्मरण आहे, दर वर्षी कुणी ना कुणी प्राध्यापक बोलतो, तीच ती घासून गुळगुळीत झालेली वाक्यं. या वर्षी त्यांनी कार्यालयाला सांगितलं होतं, की हिबिनो-सान बोलतील. या इमारतीत पक्ष्यांचे सगळ्यात जास्त ऋणी कुणी असेल तर त्या आहेत. ती म्हणाली, मला नाही जमायचं सेन्सेई, मी कधी चार माणसांत तोंड उघडलं नाही. ते म्हणाले, म्हणूनच. मग जरा थांबून, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही नसता तर मी काय दाखवलं असतं हो? माझ्याकडे नुसत्या कल्पना होत्या." हे ते मनापासून म्हणत होते, त्यांचा आवाज जड झाला होता. अशा माणसाला काय सांगणार. जिन्यातलं वाक्य तसंच ठेवून तिने नमुना परत दिला. ती लवून बाहेर आली आणि जिन्यातच बसली. तिला रडू आलं नाही. नुसतं झोपावंसं वाटलं.

कार्यालयाने जुन्या भाषणांची एक प्रत पाठवली, नमुना म्हणून. शनिवारी सकाळी ती कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात ती घेऊन बसली. तिथे कॉफीबरोबर जाड पाव आणि उकडलेलं अंडं येतं. अंडं तिने बाजूला सरकवलं. नमुन्यात सगळं होतं. आपण दिलेल्या प्राणांमुळे ज्ञान पुढे गेलं. आपल्या मोठेपणापुढे आम्ही लहान आहोत. आम्ही आपले अपराधी आहोत, आम्हाला क्षमा असावी. अपराध कुठला ते कुणीच लिहिलं नव्हतं, लिहायची पद्धतच नव्हती. दर वर्षी ती हे मागच्या रांगेत उभी राहून ऐकायची, आणि मनात गणती करायची, की यातले माझ्या हाताने गेलेले किती. मान कुठे धरायची, किती दाबायची, हे तिला वडिलांमुळे आधीच येत होतं. ते पाप असलं तर असो, त्याचं तिला फारसं वाटलं नव्हतं. जे करायचं ते पटकन आणि न दुखवता करायचं, हे तिने पाळलं होतं. त्यानंतर तरी नीट बघायचं, एवढी एकच गोष्ट ती त्यांना देणं लागत होती. जिवंतपणी त्यांना उजवीकडच्या खोक्यात टाकलं. मेल्यावर, मेंदू काढून, रंगवून, काचेवर मांडून, साक्षात समोर असताना तरी जेवढ्या आहेत तेवढ्या बघायला काय झालं होतं? तिला राग आला. स्वतःचा आला, सेन्सेईंचा आला, त्या गोड "हं"चा आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा थकव्याखाली काहीतरी गरम लागलं. तिने नमुना पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या. पाव गार झाला होता, तो तिने तसाच खाल्ला.

बुधवारी अकरा वाजता इमारतीच्या मागे, सायकली लावायच्या छपराच्या पलीकडे, प्राण्यांच्या स्मरणाच्या दगडापुढे सत्तर-ऐंशी माणसं जमली. उंदीरवाले, लावेवाले, डुकरांवर काम करणारे, पशुगृहातले सफाईवाले, सगळे काळ्या कपड्यांत. पशुगृहाच्या प्रमुखांनी वर्षाची गणती वाचली. जुशिमात्सु, चौऱ्याहत्तर. मग तिचं नाव घेतलं. सेन्सेई पहिल्या रांगेत, हातात पांढरं शेवंतीचं फूल, डोळे मिटलेले. माइक तिच्या मानाने उंच होता आणि कुणी खाली केला नाही. तिने कागदाच्या पाठीमागचा मजकूर वाचायला घेतला. आवाज स्वतःचा वाटेना, कापरा आणि बारीक येत होता, पण येत होता.

"मी हिबिनो मित्सुए. पक्ष्यांचे मेंदू कापून त्यांच्या रेघा काढते. नरांनो, तुम्हाला मी जेवढे होतात तेवढं काढलं. माद्यांनो, तुम्हाला मी लहान काढलं. होतात त्यापेक्षा एक पंचमांश लहान. चारशे सहा जणी. तुम्ही लहान नव्हतात. तुमचा तांबडा ठिपका बघून माझा हात आत वळत होता. ही माझी चूक आहे. मी माफी मागते."

ती कमरेतून लवली आणि तशीच राहिली. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल, असं तिला वाटत होतं. सगळे लवले, नेहमीसारखे, नेहमीएवढे. मागे कुणीतरी नाक ओढलं. माणसं फुलं घेऊन एकेक पुढे येऊ लागली. लाव्यांच्या विभागातल्या एक वयस्क बाई तिच्याजवळ थांबून हलकेच म्हणाल्या, अगदी पोटातून बोललात हो. सफाईवाले इनागाकी-सान डोळे पुसत होते. वर मान करून तिच्याकडे बघत होती ती एकटी उएमात्सु-सान. तिच्या तोंडात आज काही नव्हतं आणि चेहरा पांढरा पडला होता. मग सेन्सेई आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती सुंदर," ते म्हणाले. "लहान काढलं. या दोन शब्दांत आपला सगळा अपराध आला. तीस भाषणं ऐकली मी इथे, असं कुणी बोललं नाही. हिबिनो-सान, हे आपण संग्रहाच्या सुरुवातीला घालू. जसंच्या तसं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस खोटा नव्हता, हेच तर वाईट होतं. एकतीस वर्षांत तिने त्यांना एकही वाक्य पुरतं सांगितलं नव्हतं, हेही तिला त्याच वेळी कळलं.

"सेन्सेई, ते शोभेचं नाही बोलले मी," ती म्हणाली. "मोजलंय. लेबलं झाकून एकशे बारा काढल्या. सगळ्या नराएवढ्या आल्या. माझी जुनी रेघ आतून गेलीय. दर वेळी. तुम्ही पुन्हा बघाल का म्हणायचात आणि मी आत जायचे. तिसऱ्या ठिपक्यात फरक नाहीये."

सेन्सेईंचा चेहरा हलला नाही. नुसतं हातातलं फूल खाली आलं, देठ जमिनीकडे. मागे रांग थांबली होती, लोक अदबीने दुसरीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, अगदी हळू, ओठही फारसे न हलवता, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," मित्सुए म्हणाली. "आत्ताच तर सांगितलं मी, माइकवरून."

ते वळले, दगडापुढे गेले, फूल ठेवलं आणि लवले, आणि लवलेलेच राहिले. ती त्यांच्यासाठी थांबली नाही. उएमात्सु-सानपाशी जाऊन तिने कमरेची किल्ली काढून दिली आणि म्हणाली, कागदी चिकटपट्टी पुरेशी मागवून घ्या, आठशेच्या वर मेंदूंच्या रेघा पुन्हा काढायच्यात, आणि लेबलं तुम्हीच झाका. मी बघता कामा नये.